बत्तीस चिऱ्यांची सावली

खाली लिहिलेल्या हकिकतीत माझ्या पदरचा एकही शब्द नाही. ज्यांना पटणार नाही, त्यांनी सोडून द्यावी.

मला मात्र ती सोडत नाही.

दिवस रविवार, ११ डिसेंबर २०२२. वेळ भर दुपारची. ठिकाण, रत्नागिरीहून जयगडकडे जाताना लागणारा एक कातळाचा सडा, म्हणजे उघडे खडकाळ पठार. तेथे आजही माणसे राहतात, म्हणून गावाचे नाव देत नाही.

मी श्याम. शिक्षण नववीपर्यंत. तसबिरींना चौकटी बसवणे हा माझा व्यवसाय असून, जुन्या छायाचित्रांतील दुर्मीळ विमाने ओळखणे हा वीस वर्षांचा छंद आहे. शेपटीचा आकार, चाके, पंखांची लांबी यांवरून विमानाची जात निश्चित करता येते.

हे ऐकूनच त्या गावची मथुराकाकी काही दिवस आधी माझ्याकडे आली होती. वय सत्त्याऐंशी. तिने पिशवीतून एक छायाचित्र काढले. मुंबईच्या कोणा पाहुण्याने टिपलेले. मागे शिसपेन्सिलीने तारीख : ११-१२-४२.

सड्यावर जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचा लांब, बुटका गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत. गडग्यालगत एक तरुण, मान वर करून उभा. त्याच्याभोवती कातळावर विमानाची सावली पसरलेली.

आणि वर आकाश... रिकामे.

"ह्यो माजा दादा, भागोजी," काकी म्हणाली. "त्या दिसापास्नं नाय दिसला. आये म्हनायची, त्यो इमानात बसून गेलाय, येनार. म्हनून त्याचं कायच केलं नाय आमी. आता मी जायाच्या आदी येकच सांग बाबा. त्या इमानात जागा किती जनांची?"

तिच्या प्रश्नाचा अर्थ मला उमगला. दोघांची जागा असेल, तर भागोजी गेला असणे शक्य होते. एकाचीच असेल, तर तो गेलाच नाही, कुठेतरी मेला. देह न मिळालेल्या माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी देतात. तो विधी करावा की नाही, हे काकीला ठरवायचे होते.

मी भिंग घेऊन बसलो. सावलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गडग्याचे बत्तीस चिरे भरत होते. आजचा चिरा चौदा इंचांचा. म्हणजे पंख सुमारे सदतीस फूट. हॉकर ऑडॅक्स जातीचे विमान. आसने दोन.

परंतु पूर्वीचा, हाताने तासलेला चिरा पंधरा इंचांचा असेल, तर पंख चाळीस फूट होतात. हॉकर हरिकेन. आसन एक.

एका इंचावर सारे अडले होते.

एक गोष्ट मात्र मी काकीला सांगितली नाही. विमान उंच असले की सावलीची कड विस्कटलेली पडते. ते जसजसे खाली येते, तसतशी कड स्वच्छ होत जाते. या सावलीची कड सुरीने कापल्यासारखी होती.

म्हणजे ते विमान भागोजीच्या डोक्याला जवळजवळ टेकलेले असावयास हवे होते...

मोजमापासाठी मी माझा मित्र विनोद याच्या रिक्षातून सड्यावर गेलो. दुकान रविवारी बंद असते, म्हणून तो दिवस. तारीख माझ्या ध्यानातही नव्हती.

"श्याम्या, मेल्या, जगातली इमानं वळखतोस. सवता कदी बसलायस काय येकात तरी?"

"टेप धर."

"धरतो. पन वडापाव तुज्याकडनं."

गडगा जागेवर होता. पहिला चिरा मोजला. पंधरा इंच. दुसरा, पंधरा. दहा मोजले. सगळे पंधरा.

एकच आसन. भागोजी गेलेला नव्हता. मन जड झाले, तथापि उत्तर मिळाले होते.

खात्रीसाठी सबंध लांबी मोजावी म्हणून विनोद टेपचे टोक घेऊन पुढे गेला. छायाचित्रात भागोजी जिथे उभा होता, नेमका तिथे, गडग्यापलीकडे थांबला.

एक टिटवी सारखी ओरडत होती. ती मध्येच गप्प झाली.

वाऱ्याने हलणारे सुके गवत... थांबले.

कातळावर काहीतरी काळसर सरकत आले. ढग असावा, म्हणून मी वर पाहिले. ढग नव्हता. इंजिनाचा आवाज... नव्हता.

खाली पाहिले. पंख होते. शेपटी होती. कड धुरासारखी पुसट.

विनोद त्या सावलीत उभा होता.

मग ती कड हळूहळू आवळू लागली. स्वच्छ होऊ लागली...

ते खाली उतरत होते.

"विनोद! बाहेर ये!"

त्याला ऐकू गेले नाही. मान वर करून, ओळखीच्या माणसाशी बोलावे तसा तो कोणाशी तरी बोलत होता.

"व्हय? दोगांची जागा हाय? आलो."

त्याने एक हात वर केला. त्याच्या टाचा कातळावरून सुटल्या...

मी गडग्याच्या अलीकडून धावलो आणि त्याची कॉलर धरून त्याला अलीकडे ओढले. क्षणभर तो कापसासारखा हलका लागला. नंतर एकदम जड. आम्ही दोघेही कोसळलो.

उठून पाहतो तो कातळ उन्हात लखलखत होता. टिटवी पुन्हा ओरडू लागली.

"मी पडलो कसा रे?" विनोदने विचारले. त्याला काहीच आठवत नव्हते.

त्याच्या चपला मात्र गडग्यापलीकडे होत्या. कोणाच्या घरात शिरताना काढाव्यात तशा, जोडीने, नीट काढून ठेवलेल्या.

त्याच संध्याकाळी काकीने विचारले, "किती जनांची?"

चिरे पंधरा इंचांचे होते, हे खरे. विनोद जे बोलला, तेही मी याच कानांनी ऐकले होते.

"एकाचीच," मी म्हणालो.

तिने छायाचित्र पुन्हा पिशवीत ठेवले. मग म्हणाली, "म्हंजे आयेनं उगाच वाट बगितलान."

पुढच्या सोमवारी पुतळ्याला अग्नी दिला. मी हजर होतो. काकी मनसोक्त रडली, आणि त्या दिवशी पोटभर जेवली, असे तिची सून सांगते. हे पाहून मला समाधान वाटावयास हवे होते.

भागोजी मेला असेल, तर माझे उत्तर योग्यच होते. परंतु तो त्या दुसऱ्या जागेवर अजून बसून असेल, आणि घरच्यांनी अग्नी दिल्याचे त्याला कळले असेल...

तर आता त्याने उतरावे कोणाकडे?