सहावी प्रत

१९६१ च्या मार्चमधली गोष्ट. डहाणूला खासगी चौकशीची कामं घेणाऱ्या काशीनाथ चुरींकडे घोलवडच्या शिक्षिका सुधा सावे आल्या, आणि बसायच्या आधीच त्यांनी एक पोस्टकार्ड पुढे केलं.

चुरींचे मित्र शांताराम, रेल्वेतले निवृत्त गार्ड, यांनी ते वाचलं. "'सुधा सावे दर गुरुवारी तलासरीला महारोगाच्या दवाखान्यात जातात. पोरांना सांभाळा.' सही नाही."

"हेडमास्तरांना आलं. चार दिवस मला घरी बसवलंय," सुधाबाई म्हणाल्या. "दंडावर एक चट्टा आहे. वर्षभर औषध घेतेय. माझ्यापासून कुणाला धोका नाही, असं डॉक्टर सांगतात. पण ऐकतंय कोण?"

"दवाखान्याचं काही पत्र?" चुरींनी विचारलं.

त्यांनी टाइप केलेला कागद काढला. सोळा मार्चपासून रविवारऐवजी दर गुरुवारी यावे, एवढाच मजकूर. खालचा अर्धा कागद कोरा.

"नवा वार सुरू व्हायचाय अजून. हे कुणी पाहिलं?"

"कुणीच नाही. आल्यापासून पेटीत, कुलपात."

तिघं तलासरीला गेले. डॉक्टर चिडलेलेच होते. नोंदवहीच्या कपाटाची किल्ली शिपाई लहान्याकडे असे. नाव त्यानंच फोडलं असं धरून त्याला काढून टाकायचं त्यांनी ठरवलं होतं.

"दर आयतवारी मीच बाईंना दार उघडतो, साहेब," लहान्या म्हणाला. "माझी बायको इथंच बरी झाली. मी कशाला कुणाचं नाव फोडू?"

पत्रं टाइप करणारी डॉक्टरांची पुतणी नयना म्हणाली, "सहा जणांना एकच मजकूर होता. कार्बन लावून एकदाच टाइप केलं. शेवटचा कार्बन नुसता तुकडा होता."

चुरींनी बाईंचा कागद पुन्हा हातात घेतला.

"डॉक्टर, लहान्यानं सांगितलं असतं तर रविवार सांगितला असता. नोंदवहीतही रविवारच आहेत. बाई गुरुवारी एकदाही आलेल्या नाहीत. गुरुवार आहे तो फक्त या पत्रात."

"पण पत्र तर कुलपात होतं!" शांताराम म्हणाले.

"बाईंचं. बाकीची पाच?" चुरींनी कोऱ्या भागावरून बोट फिरवलं. "इथं टाइपाचे ठसे बोटाला लागतात. कार्बन पुरला नाही, म्हणून अक्षरं उमटली नाहीत. नयनाताई, खाली काय होतं?"

नयनाचा चेहरा उतरला. "पत्र कुणाकुणाला गेलं, ती नावं. ऑफिसात तशीच पद्धत असते ना."

"म्हणजे प्रत्येकाचं नाव इतरांच्या घरी पोचलं. चोरी झालीच नाही, डॉक्टर. गुपित आपणच पाकिटात घालून पाठवलं."

डॉक्टरांनी लहान्यापुढे हात जोडले.

चुरींनी पेन्सिल काढली. "शिसं घासलं की नावं दिसतील. कार्ड त्या पाचांपैकीच एका घरून गेलंय. शोधू?"

सुधाबाई कागदाकडे बघत राहिल्या. "एकानं माझं वाटोळं केलं. उरलेले चौघं?"

"तेही तुमच्यासारखेच लपून औषध घेतायत."

त्यांनी कागद उचलला आणि त्याचे बारीक तुकडे केले.

"डॉक्टर, त्या पाचांना एकेकट्याला गाठून सगळं सांगा. आणि उद्या माझ्याबरोबर शाळेत चला. बोलेन मीच."