बी गळेपर्यंत

आमची पहिली भेट झाली ती मी त्याला गोफणीचा दगड मारला म्हणून.

ढग कुरणावर उतरले होते. हाताच्या पलीकडचं दिसत नव्हतं, आणि तेवढ्यात सीमेच्या आतल्या बाजूला गवत मोडल्याचा आवाज आला. चराईबंदीत आत मुंगीलाही विचारून यावं लागतं, असं आमच्या तिझ्गी गावात चेष्टेनं म्हणतात. मी गोफण फिरवली आणि आवाजाच्या रोखानं दगड सोडला. पलीकडून मेंढीचं बें-बें नाही, माणसाचं ‘आई गं’ ऐकू आलं.

खांदा चोळत तो धुक्यातून बाहेर आला. उंच, उन्हानं रापलेला, लोकरीच्या झग्याची टोपी ओलीचिंब.

“मेंढी समजलीस का मला?”

“मेंढी असती तर नीट नेम धरला असता,” मी म्हणाले. “तू कोण, आणि आत कसा?”

नाव बस्सू. खिंडीपलीकडच्या लोकांतला. कळप बाहेर बसवून पाणी शोधायला निघाला होता आणि वाट चुकला होता. सीमेचे पांढरे दगड दिसले नाहीत का, असं मी विचारलं, तर म्हणाला, ढगात पांढरं कसं दिसायचं? त्याचं बरोबर होतं, पण मी ते कबूल केलं नाही. त्याला पुढे घालून दगडांच्या रांगेपर्यंत नेलं आणि बाहेर काढलं.

“मेंढ्या न आणता नुसताच आलो तर?” त्यानं वळून विचारलं.

“माणसालाही बंदी आहे.”

“मग तू कशी आत?”

“मी माणूस नाही. राखणदार आहे.”

तो मोठ्यानं हसला. मला हसू आलं नाही, कारण ते बऱ्यापैकी खरं होतं. थंडी सरता सरता मी इथे वर येते आणि भर उन्हाळ्यात कुरण उघडेपर्यंत दगडाच्या खोपटात एकटी राहते. सोबतीला वारा, काळे डोमकावळे आणि चहाची किटली. बोलायची सवय इतकी सुटते की बाबा आठवड्याला खेचरावर पीठ घेऊन आले की पहिले दोन शब्द घशातच अडकतात.

खरं तर राखणदार बाबा. पण त्यांचे गुडघे गेले, आणि दोन्ही भाऊ कासाब्लांकाला गेले ते तिथलेच झाले. मग गावकीनं नाइलाजानं मला नेमलं. तूदाला जमेल का, असं बरेच जण म्हणाले. मलाही तसंच वाटत होतं, पण ते मी कोणाला सांगितलं नाही.

माझ्या लहानपणी हा डोंगर टकला होता. बंदीची जुनी चाल मोडली होती. ज्याला वाटेल तो वाटेल तेव्हा चारायचा, रानओवा मुळासकट उपटून विकायचा, जुनिपरची झाडं तोडून सरपण करायचा. मग एका पावसात अख्खी उतरण खाली आली आणि आमची अक्रोडाची झाडं, जवाची खाचरं, सगळं घेऊन गेली. त्या वर्षी गावकी शहाणी झाली आणि बंदी परत आली. आता काटेरी झुडपांच्या पोटात जुनिपरची रोपं दिसतात, कारण तिथे मेंढीचं तोंड पोचत नाही. आटलेला झरा पुन्हा वाहतो, आणि त्याच्या पाण्यावर खाली जव उभा राहतो. हे सगळं एका गोष्टीवर टिकून आहे. बी गळेपर्यंत आत कोणी यायचं नाही. बी गळायच्या आधी मेंढ्या शिरल्या तर पुढच्या वर्षी काटेच उगवतात.

तर बस्सू. दुसऱ्या दिवशी तो दगडांच्या बाहेर येऊन बसला. कळप त्याच्या मागे उतरणीवर. कुरण उघडल्यावर त्याच्या लोकांनाही चराईचा हक्क होता, तोवर बाहेरच थांबायचं. मी आत, तो बाहेर, मध्ये पांढरे दगड. खांदा दुखतोय, असं त्यानं सांगितलं. मी म्हटलं, राखणदाराकडे औषध नसतं. मग रानओव्याचा चहा करून पेला एका दगडावर ठेवला आणि चार पावलं मागे सरले. त्यानं पेला उचलला, संपवला, परत ठेवला.

“गोड कमी आहे,” म्हणाला.

“फुकटचा आहे.”

“म्हणून तर तक्रार हळू आवाजात केली.”

रोजचं तेच झालं. तो खिंडीपलीकडच्या गमती सांगायचा. लग्नात गाढवावरून पडलेल्या नवरदेवाची गोष्ट त्यानं तीन वेळा सांगितली आणि दर वेळी नवरदेव आणखी उंचावरून पडला. मी त्याला रोपं दाखवायचे... लांबूनच, बोटानं. त्यालाही त्यातलं कळत होतं. अमुक झुडूप वाढलं तर माती धरील, तमुक गवत मेंढ्या आधी खातात म्हणून तेच आधी संपतं, असं तो सांगायचा. बोलता बोलता कधी आमच्या नजरा एकमेकींत अडकायच्या, आणि मग दोघंही एकदम मेंढ्या मोजायला लागायचो. मेंढ्या त्याच्या होत्या, तरी मीही मोजायचे.

बाबांनी साखरेचं पोतडं हलवून पाहिलं. “एकटी माणसं इतका गोड चहा पीत नाहीत, तूदा,” एवढंच म्हणाले, आणि पुढच्या खेपेला साखर जास्त आणली.

संध्याकाळी तो कळप घेऊन आडोशाला गेला की कुरण फार मोठं वाटायचं. आधीही मी एकटीच होते, पण तेव्हा ते अंगवळणी पडलं होतं. आता एकटेपणा टोचायला लागला.

त्या वर्षी पाऊस लवकर उघडला आणि पुन्हा आलाच नाही. बाहेरची उतरण खरवडून निघाली. बस्सूच्या मेंढ्यांच्या फासळ्या दिसायला लागल्या. कोकरं आधी हरली. एक कोकरू तो झग्याच्या टोपीत घालून पाठीवर वागवायचा. नवरदेवाची गोष्ट थांबली. इकडे माझ्या गुडघ्यापर्यंत हिरवं गवत, तिकडे त्याच्या मेंढ्या माना ताणून त्या गवताकडे बघत उभ्या. त्यानं कधी काही मागितलं नाही. मागितलं असतं तर मला रागावता तरी आलं असतं.

मग एका सकाळी गावकीचे म्हातारे वर आले. पुढे मूहा काका. आमच्याकडे कुरण तारखेनं उघडत नाही. गावकी येऊन राखणदाराला एकच प्रश्न विचारते, आणि राखणदार म्हणेल ते खरं. त्यावर वाद नाही, फेरतपासणी नाही. राखणदार बापाच्या शब्दावर त्याची लेकही शंका घेत नाही, इतकी ती पक्की चाल आहे.

नेहमीपेक्षा ते लवकर आले होते. त्यांच्याही गोठ्यात चारा नव्हता. बस्सू दगडांपलीकडे उभा होता, पाठीवर कोकरू. त्याला सगळं ऐकू येत होतं.

“बी गळलं का?” मूहा काकांनी विचारलं.

मी एक ओंबी तोडली आणि तळहातावर चोळली. दाणा हिरवा, चिकटून बसलेला. दुसरी चोळली. तीच गत.

“नीट बघ, पोरी,” काका हळूच म्हणाले. “चार दिवस इकडे-तिकडे... कोण बघतंय?”

सगळ्यांना ‘हो’ हवं होतं. एवढी माणसं भोवती असताना मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. मी बस्सूकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत नव्हता, मुद्दामच पाहत नव्हता. एका शब्दात त्याचा कळप वाचणार होता. तो शब्द अगदी जिभेवर आला होता. पण तळहातावर हिरवे दाणे होते, आणि खालची वाहून गेलेली खाचरं मी पाहिली होती.

“नाही गळलं,” मी म्हणाले.

म्हातारे उतरायला लागले. मूहा काका तेवढे थांबले, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले.

संध्याकाळी बस्सू आला. चहाचा पेला दगडावर तसाच राहिला.

“एक विचारू? खोटं बोलावंसं वाटलं?”

“हो.”

“कोणासाठी?”

“माहीत असून विचारतोस कशाला?”

तो दगडावर बोट फिरवत म्हणाला, “उद्या निघतो. खाली सपाटीवर चारा मिळाला तर मिळाला.”

“कुरण उघडेल तेव्हा येशील?”

“मेंढ्या राहिल्या तर,” तो म्हणाला.

सकाळी उतरण रिकामी होती. मी दोन पेले चहा केला, आणि एक ओतून दिला.

बी गळायला पुढे बरेच दिवस लागले. मी रोज ओंब्या चोळायचे आणि रोज खिंडीकडे बघायचे. आपण बरोबर केलं, असं स्वतःला सांगायचे. ते पटायचंही, पण त्यानं रडू थांबायचं नाही.

शेवटी एका सकाळी दाणे बोट लागताच हातात पडले. निरोप गेला आणि चारी बाजूंनी कळप येऊन दगडांपाशी उभे राहिले. मूहा काकांनी विचारलं, मी ‘गळलं’ म्हटलं, आणि मेंढ्यांचा लोंढा आत घुसला. बायकांनी आरोळ्या दिल्या, चुली पेटल्या, कुसकुसचा रवा शिजायला लागला. बाबा खेचरावर बसून आले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी लेक, माझी लेक करत होते. खिंडीपलीकडचेही आले. त्यांच्यात बस्सू नव्हता. त्यांना विचारायचं धाडस मला झालं नाही.

दुपार कलल्यावर मी गर्दीतून निघाले आणि आमच्या जागेकडे गेले. तो तिथे होता. दगडांच्या बाहेर, नेहमीच्या जागी, गुडघ्यांना मिठी मारून बसलेला. आजूबाजूला एकही मेंढी नाही.

“कधी आलास?”

“सकाळी.”

“मग आत का नाही आलास? कुरण उघडलंय.”

“मेंढ्यांशिवाय आत कोण जातं? मला कसला हक्क?” तो म्हणाला. हे त्यानं अगदी सरळपणे सांगितलं. आमच्याकडे सगळेच असं मानतात. कळप नाही त्याला कुरण नाही. “वाटेत बऱ्याच मेल्या. उरलेल्या विकल्या. पडेल त्या भावात.”

“मी ‘नाही’ म्हटलं म्हणून.”

“हो.” त्यानं गोड करून सांगितलं नाही. “चिडलो होतो. खाली जाईपर्यंत तुला शिव्याच देत गेलो. पण तिथे... खोटं बोलली असतीस तर तुझ्याकडे परत यावंसं वाटलं असतं का, तेच कळेना.”

“आणि आता?”

“आता आलोय ना.”

मी दगड ओलांडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. त्याच्या बाजूला जाऊन बसले. तिकडून कुरण वेगळंच दिसत होतं, खूप हिरवं आणि खूप लांब. “बस्सू, मला तुझ्याशिवाय इथे फार एकटं वाटतं,” मी म्हणाले, आणि मग मला रडू आवरेना. त्यानं माझा हात हातात घेतला. त्याचा हात गार होता.

वरून हाका यायला लागल्या. उघडण्याच्या दिवशी परातीतला पहिला घास राखणदाराचा, तोवर कोणी हात घालत नाही. सगळं गाव परातीभोवती खोळंबलं होतं. बाबांचा आवाज सगळ्यांत मोठा.

“तूदाऽ... ये गं, सगळे थांबलेत.”

बस्सूनं हात सोडवून घ्यायला पाहिलं. मी सोडला नाही. उठून उभी राहिले, त्यालाही उठवलं, आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडून सांगितलं,

“दोघं येतोय, बाबा.”