पाचवा गायक

कान तपासणं हा माझा धंदा. जाड भिंतींच्या एका छोट्या खोलीत माणसाला बसवायचं, त्याच्या कानांवर हेडफोन चढवायचे आणि बारीक होत जाणारे आवाज सोडत राहायचं. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. त्या खोलीतला माइक माझ्या हेडफोनला जोडलेला असतो, त्यामुळे आतल्याने आवंढा गिळला तरी मला बाहेर कळतं. बायको म्हणते, तुमच्यापुढे मनातल्या मनात बोलायचीही चोरी.

रविवारी तपासणी बंद असते. त्या सकाळी आमची मंडळी बाहेरच्या खोलीत जमतात. साठच्या दशकातला एक रॉक बँड, त्याचे आम्ही भक्त. वाजवणारे शेवटपर्यंत तेच राहिले, गायक मात्र बदलत गेले, एकामागून एक चार. त्यांच्यावरून आमची भांडणं होतात, पण चहा पिता पिता. शिंपीकाका पहिल्याचे. त्यांनी तरुणपणी त्याला स्टेजच्या पायाशी उभं राहून ऐकलंय, आणि हे ते दर रविवारी नव्याने सांगतात. दातांच्या डॉक्टरीणबाई तिसऱ्याच्या. मी चौथ्याचा. दुसऱ्याला बिचाऱ्याला कुणी वाली नाही.

आमचा एक खेळ आहे. एकाने रेकॉर्डवर सुई अशी टेकवायची की गायकाचा फक्त श्वास ऐकू यावा, आणि पहिला शब्द फुटायच्या आत ती उचलायची. तेवढ्यावरून गायक ओळखायचा. पहिला तोंडाने हवा ओढायचा, दुसरा घाईघाईने, तिसरा पार घशातून, आणि चौथा श्वास घेतो की नाही अशी शंका यावी इतका हळू. या खेळात मी कधी हरलेलो नाही. सांगायला लाज कसली, मला त्याचा अभिमान आहे.

धाकटा म्हणजे माझा पाठचा भाऊ. तो बस चालवतो. लहानपणी सायकलवरून पडून त्याचं नाक मोडलं, तेव्हापासून श्वास घेताना त्यात एक बारीक शीळ वाजते. लग्नं होईपर्यंत आम्ही एकाच खोलीत झोपलो, त्यामुळे ती शीळ मी हजारांत ओळखेन. त्याला गायची हौस दांडगी, पण घरात तोंड उघडलं की वडील म्हणायचे, रेडिओ आहे आपल्याकडे. पन्नाशी आली तरी त्याने चारचौघांत गळा मोकळा केला नव्हता.

एका रविवारी मी त्याला ओढून आणलं. चौथ्याची रेकॉर्ड लावली होती. तो तिच्याबरोबर हळूच गायला लागला आणि शिंपीकाकांचा चहाचा कप हातातच राहिला. कानामागून आला आणि तिखट झाला, असं मी चेष्टेने म्हणालो खरा, पण माझा ऊर भरून आला होता. बँडच्या पहिल्या रेकॉर्डला साठ वर्षं होणार होती. एक सभागृह घ्यायचं, हौशी वादक जमवायचे आणि गाणार धाकटा, असं तिथल्या तिथे ठरलं.

घरी जाताना तो म्हणाला, "दादा, एकदा तरी लोकांनी माझा आवाज ऐकायला पाहिजे."

पुढे एका रविवारी खेळ चालू असताना डॉक्टरीणबाईंनी सुई टेकवली. रेकॉर्ड चौथ्याची होती, मीच काढून दिली होती. श्वास ऐकू आला, आणि त्यात शीळ होती. मी धाकट्याकडे पाहिलं. तो कोपऱ्यात पाठमोरा उभा राहून कप विसळत होता. सुईत धूळ अडकली असेल म्हणून मी ती ब्रशने साफ केली, तरी शीळ तशीच. त्याच रेकॉर्डची एक प्रत माझ्या घरी आहे. घरी जाऊन ती लावली, तर तिच्यात काही नव्हतं. मी निश्चिंत झालो.

पुढच्या आठवड्यात घरच्या प्रतीतही ती शीळ आली.

मग ती तिसऱ्याच्या गाण्यांत आली, मग दुसऱ्याच्या. शब्द तेच, चाल तीच, पण त्यांच्यामागचा आवाज हळूहळू धाकट्याच्या आवाजाकडे सरकत चालला होता. इतर कुणाला ते जाणवलं नाही, आणि मीही मूग गिळून बसलो. कान तपासणाऱ्यालाच भास होतात, हे कुठल्या तोंडाने सांगणार? इकडे तालमीत धाकटा असा गात होता की वादक हौशी आहेत हे विसरायला व्हावं. फक्त त्याचं बोलणं कमी झालं. त्याची बायको म्हणाली, हल्ली यांची हाक शेजारच्या खोलीतही पोचत नाही. घसा जपत असेल, मी म्हटलं.

तरी मी त्याला एक दिवस तपासणीच्या खोलीत बसवलं. बटण दाबू नकोस, नुसता बस, असं सांगितलं. दार लावलं, हेडफोन चढवले आणि माइक वाढवत नेला. खुर्ची कुरकुरली. त्याच्या मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. श्वास ऐकू आला नाही. काचेतून दिसत होतं, त्याची छाती व्यवस्थित वर-खाली होत होती.

त्याला बाहेर बोलावून मी म्हणालो, कार्यक्रम पुढे ढकलू. तो माझ्या कानाला तोंड लावून बोलला, तेव्हा कुठे मला ऐकू आलं.

"गाताना येतो ना माझा आवाज?"

"येतो."

"मग राहू दे."

मी भ्यालो होतो. पण वडिलांनी आयुष्यभर जे केलं तेच आता मी करायचं, हे मनाला पटेना. आणि खरं सांगायचं तर मलाही त्याला त्या स्टेजवर बघायचं होतं.

कार्यक्रमाच्या दुपारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. धाकटा चौघांचीही गाणी गायला. माणसं खुर्च्या सोडून उभी राहिली. शिंपीकाका लहान मुलासारखे रडत होते. शेजारी एक अनोळखी बाई होत्या, त्यांना मी न विचारता सांगितलं, "माझा धाकटा भाऊ आहे."

त्या हसल्या. "चेष्टा करताय. मी शाळेत असताना माझ्या मोठ्या बहिणीने याचा फोटो कपाटाच्या दाराला चिकटवला होता."

शेवटचं गाणं संपलं. धाकटा माइकपाशी झुकला आणि लोकांचे आभार मानू लागला.

त्याचे ओठ हलत राहिले.

लोकांना वाटलं, माइक बंद पडला.

माइक चालू होता. लोकांच्या टाळ्या त्यातून येत होत्या.

तेव्हापासून तो बोलत नाही. घशात काही दोष निघाला नाही. तो बस चालवतो, रविवारी न चुकता येतो, मजेत दिसतो. बँडला गायक किती होते असं आता कुणालाही विचारा, पाच म्हणून सांगतात. शिंपीकाका तर पहिल्याला सोडून पाचव्याचे झालेत. मीही त्याचाच झालोय. असा गायक पुन्हा होणे नाही, हे नवख्यांना सांगताना माझी छाती फुगते, ती काही केल्या आवरत नाही.

परवा एक नवे गृहस्थ आले. शिंपीकाकांनी मोठ्या कौतुकाने बँडची सगळ्यात जुनी रेकॉर्ड काढली आणि दोन गाण्यांच्या मधल्या मोकळ्या जागेवर सुई ठेवली. आम्ही तरुणपणी ही जागा पुन्हा पुन्हा ऐकायचो, म्हणाले.

थोडी खरखर झाली. मग माइकच्या अगदी जवळून, हळू आवाजात कुणीतरी म्हणालं, "दादा, मला घरी घेऊन चल."

शिंपीकाका खूश होऊन हसले. "साठ वर्षं पैजा लावतोय आम्ही. हा दादा कोण, ते काही कुणाला कळलं नाही."

माझ्या शेजारी बसलेल्या धाकट्याने मान डोलावली. त्यालाही ती जागा फार आवडते.