निळी फुली

थोरल्या सिस्टरचा यंत्रांपेक्षा स्वतःच्या बोटांवर जास्त भरवसा. पायाची नाडी जिथे लागायला हवी तिथे ती निळ्या पेनाने फुली मारायची, म्हणजे पुढच्या पाळीतल्या पोरींना चाचपडत बसायला नको. शिंपीकाकांच्या उजव्या पावलावर सकाळी तिने तशीच फुली मारली. घाईत हात लागला आणि फुलीचं एक टोक फराटलं.

काकांचं हृदय अडखळत चालायचं. त्यातूनच एक गुठळी सुटली होती आणि पायाच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकली होती. डॉक्टरांनी जांघेतून बारीक नळी थेट गुठळीपर्यंत नेली होती, तिच्यातून गुठळी विरघळवणारं औषध थेंबथेंब जात होतं. पाय मात्र पांढराफटक, फरशीसारखा गार. दुपारपर्यंत रक्त उतरलं नाही तर पाय काढावा लागेल, असं डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं.

"अहो, मशीनचा पाय आहे तो," काका कळवळून म्हणाले. "डावा न्या हवं तर. तो नुसता शोभेला आहे!"

काकू पायथ्याशी स्टुलावर बसल्या होत्या, त्या गार पायावर तळवा टेकवून.

"काकू, चोळू नका हं," सिस्टर म्हणाली.

"चोळत नाही गं, नुसता धरलाय." मग पुटपुटल्या, "मघापासून सांगतेय, माझा घे म्हणून."

"कुणाला सांगताय?"

काकूंनी डोळे मिटून घेतले.

दुपारी सिस्टरने फुलीवर डॉप्लर टेकवलं. रक्ताची चाल ऐकवणाऱ्या त्या छोट्या यंत्रातून सकाळपासून नुसती खरखर येत होती. आता स्वच्छ आवाज आला. फुस्स, फुस्स, फुस्स. तिचा जीव भांड्यात पडला.

मग तिची नजर मॉनिटरवर गेली. काकांचं हृदय नेहमीसारखंच ठेचकाळत होतं, दोन ठोके घाईचे, मग खंड. पायातला ठोका मात्र एका संथ लयीत पडत होता.

तिने यंत्र बाजूला ठेवून बोटांनी चाचपलं. तीच लय. नवशिक्यांना स्वतःच्याच बोटातली नाडी रोग्याची वाटते, तसं तर झालं नाही ना? तिने स्वतःचं मनगट धरलं. तिची नाडी धावत होती.

मग का कोण जाणे, तिने काकूंचं मनगट धरलं.

ठोक्याला ठोका.

"हात काढा बघू, काकू."

काकूंनी हात काढला. लय तशीच राहिली.

डॉक्टरांनी काकांना आत नेऊन नळीतून रंग सोडला आणि पुन्हा फोटो काढले. फोटोंत रक्तवाहिनी बंदच होती. पाय मात्र गुलाबी, कोमट. बोटंसुद्धा हलत होती.

"वाट तर बंद आहे," डॉक्टर म्हणाले. "मग हे रक्त येतंय कुठून?"

त्यांनी पायाची बोटं पुन्हा एकदा दाबून पाहिली.

"पाय काढायचा नाही," ते अखेर म्हणाले. काका लहान मुलासारखे रडले.

काकांना पलंगावर आणल्यावर काकू घोटभर पाणी प्यायला निघाल्या. उजवी चप्पल मागेच राहिली, त्यांना पत्ताच नव्हता. सिस्टर चप्पल घालायला खाली वाकली.

पाय फरशीसारखा गार होता.

पावलावर निळी फुली होती. एक टोक फराटलेली.

"डॉक्टर..." ती हाक मारू लागली.

काकूंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "ओरडू नकोस, बाई. मला कुठे मशीन चालवायचंय?"

सिस्टरने मान वळवली. काकांचा उजवा पाय चादरीबाहेर आला होता. त्याच्यावर शाईचा ठिपकासुद्धा नव्हता.