नव्या डिस्कचा आवाज

ही घटना माझ्यासमोर घडली आहे. मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलंय आणि मला भूत विकायचं नाही. 'वायर लूज असेल' अशी कमेंट करायची असेल तर आधी शेवटपर्यंत वाचा.

फेब्रुवारी २०१७. कॅनडातलं लंडन. रात्र नव्हती. रविवारची दुपार होती, बाहेर बर्फ पडत होता.

एका घराच्या बेसमेंटमध्ये आम्ही तिघं राहायचो. मी, जयदीप आणि ओजस.

आदल्याच आठवड्यात ओजस गेला. हायवेवर गाडी घसरली. सकाळी दारात बूट घालताना तो नेहमीसारखंच म्हणाला होता, "येतो गं."

आपल्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत.

ओजस तबला वाजवायचा. रोजचा रियाज लॅपटॉपवर रेकॉर्ड करायचा. दुसरीकडे कॉपी कुठेच नव्हती. त्याच्या आईचा, वनिताकाकूंचा, नागपूरहून फोन आला. लॅपटॉप तू ठेव म्हणाल्या, कपडे कुणाला तरी देऊन टाक म्हणाल्या.

"फक्त त्याचा तबला वाचव, बेटा."

आणि डिस्क मरत होती.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, तिच्यावर बारीक सुई सरकते. ती अडकायला लागली की आवाज येतो. खट्... खट्... तो आवाज ओजस असतानाच सुरू झाला होता.

मी नवी एसएसडी आणली. तिच्यात काहीच फिरत नाही. काहीच सरकत नाही. आवाज करायला आत काही नसतंच.

हे लक्षात ठेवा.

"गेलेल्याच्या वस्तूला असा हात लावू नये," जयदीप म्हणाला. "तेरावं तरी होऊ दे, सायंटिस्ट बाई."

"तेराव्याची वाट डिस्क बघणार नाही," मी म्हणाले. जरा जोरातच.

तो चिडून ड्राइव्ह-वेवरचा बर्फ उपसायला निघून गेला.

मी लॅपटॉप सुरू केला. नवी डिस्क केबलने जोडून कॉपी लावली. जुनी डिस्क अडखळत होती. दोनदा थांबली. शेवटी एकदाचं सगळं उतरलं. मी लॅपटॉप बंद केला, मागचे स्क्रू काढले, जुनी डिस्क बाहेर घेतली. गरम होती. तिच्या जागी नवी बसवली.

लॅपटॉप झटक्यात सुरू झाला. सगळी रेकॉर्डिंग्ज होती. मी न ऐकताच काकूंना पाठवायला लावली.

मग...

खट्.

जुनी डिस्क टेबलावर पडली होती. एकही वायर नाही. तरी मी ती उचलली, बाहेर जाऊन जयदीपच्या हातात दिली आणि त्याला तिथेच थांब म्हणाले.

परत आले.

खट्... खट्...

फाइल्स काकूंना पोचल्या होत्या. मी लॅपटॉप बंद केला. बॅटरी काढली. कान लावला.

आवाज आतूनच येत होता.

आणि तो लयीत होता. दर आवर्तनात पहिल्या ठोक्याची जागा रिकामी... मग बाकीचे. रूपक ताल. त्याची सम, म्हणजे पहिली मात्राच, रिकामी असते, हे ओजस चहा उकळेपर्यंत टेबलावर बोटांनी वाजवून दाखवायचा.

जयदीप दारात उभा होता. त्यालाही ऐकू येत होतं.

"जा म्हण त्याला," तो कुजबुजला. "लवकर म्हण."

मला रागच आला.

"का म्हणू? तो येतो म्हणाला होता. आला."

आवाज थांबला.

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. त्या रडत होत्या, पण आवाजात समाधान होतं. सगळं ऐकलं म्हणाल्या. मग सहज विचारलं, "शेवटच्या रेकॉर्डिंगमध्ये किती सुंदर वाजवलंय गं त्यानं. मागे तुम्ही दोघं भांडताय का? 'तेराव्याची वाट डिस्क बघणार नाही,' असं कोण म्हणतंय?"

...

आम्ही ते बोललो तेव्हा लॅपटॉप बंद होता. तबला ओजसच्या खोलीत, पिशवीत बांधलेला होता.

मी काकूंना 'हो, आम्हीच' एवढंच म्हणाले.

जयदीपने त्या महिन्यात घर सोडलं. लॅपटॉप फेकून दे, असं सगळे सांगतात. मी फेकलेला नाही, फेकणारही नाही. हे त्याच्यावरच टाइप करतेय. अधूनमधून आवाज येतो. मी काम थांबवत नाही. 'जा' तर मुळीच म्हणत नाही.

फक्त घरातून निघताना, हल्ली मी 'येते' म्हणायचं टाळते.