ताईच्या शेजारची जागा

घर बघायला आम्ही गुरुवारी गेलो. गुरुवारी, कारण त्या दिवशी छापखान्याला सुट्टी असते, आणि ताईला तर आता सगळे वार सारखेच होते. इतकं साधं कारण. हे आधीच सांगते, कारण अशा गोष्टी ऐकताना माणसं पहिल्या वाक्यापासूनच मान वळवून मागे बघायला लागतात. तुम्ही नीट टेकून बसा. दिवा असू दे तिथेच.

मी प्रूफं तपासते. शाळेची पुस्तकं, शब्दकोश, औषधांच्या खोक्यातली ती बारीक अक्षरांची पत्रकं. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि घरी येऊन आयतं जेवायचं, असं माझं आयुष्य गेलं. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी दहाची होते आणि ताई एकोणीसची. त्याच वर्षी ती मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागली. दोन्ही वेळा दोनशे ताटं, सलग चाळीस वर्षं. बोटांचे सांधे सुजून वाकडे झाले तेव्हा कुठे तिने हातातली पळी खाली ठेवली. लग्न दोघींनीही केलं नाही. तिला सवड मिळाली नाही, आणि मला मिळाली तर कुणी शेवटच्या पानापर्यंत वाचलं नाही, असं मी गमतीने म्हणते.

आमच्या दोन खोल्यांच्या घरातलं स्वयंपाकघर म्हणजे एक कपाटच. एकीला आत जायचं तर दुसरीने बाहेर यायला हवं. म्हणून मी कधी आत गेले नाही. निदान मी स्वतःला तसं सांगत आले.

ताईची एकच हौस होती. एक मोठं स्वयंपाकघर, आणि खिडकीतून फळझाडं दिसली पाहिजेत. वसतिगृहाच्या भटारखान्याच्या खिडकीतून चाळीस वर्षं तिने फक्त समोरची भिंत बघितली होती.

ते घर गावाबाहेर, शेवटच्या बस थांब्यापासून दहा मिनिटांवर. पुढे फुलझाडं, मध्ये खडीची वाट, आणि मागे ही एवढी बाग. नासपती, अंजीर, आलुबुखार, लिंबं, कोपऱ्यात तीन जुनी तुतीची झाडं. एजंट पुढे पुढे चालत एकेक दार उघडत होता.

"बेडरूम बघा ना मॅडम, बेडरूम एकदम हवेशीर आहेत."

ताईने बेडरूम बघितलीच नाही. ती सरळ स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली, आणि तिच्या मागे मी.

घराची सगळी मागची बाजू म्हणजे ते स्वयंपाकघर. सहा शेगड्यांचा ओटा, भिंतीत विटांची भट्टी, दोन खोल मोऱ्या, आणि जवळजवळ छतापर्यंत गेलेली खिडकी, जिच्यातून बाग आत यायला बघत होती. मधोमध लांबच लांब लाकडी टेबल. त्याच्या कडा ठरावीक अंतरावर झिजलेल्या होत्या, जुन्या पायऱ्या झिजतात तशा. कुणीतरी तिथे वर्षानुवर्षं पोट टेकून उभं राहिलं असावं. मला मोजायची खोड आहे. मी मोजलं. नऊ जागा.

ताईने दोन्ही तळवे टेबलावर ठेवले. मग म्हणाली, "छोटे, हेच."

निघताना एजंटने कुलूप लावलं आणि सहज म्हणाला, "आधीच्या बाई म्हणायच्या, दुपारची झोप छान लागते इथे."

आणि लागायची. तिथे राहायला गेल्यावरचे पहिले दोन महिने मला आठवतात ते झोपेसारखेच. मी काम घरी आणत असे, आठवड्यातून एकदा छापखान्यात चक्कर टाकत असे. सकाळी माळीकाका यायचे, कात्री वाजायची, ओल्या मातीचा वास यायचा. ताई भट्टीत पाव भाजायची, फळं पाकात घालायची, काचेच्या बरण्या उन्हात ओळीने ठेवायची. जेवण झालं की डोळे मिटायलाच लागायचे. साधी झोप नव्हती ती. कोमट पाण्यात पायरी पायरीने उतरावं, तसं वाटायचं. आणि त्या पाण्याखालून मला आवाज ऐकू यायचे. लाकडी फळीवर सुरी चालल्याचा आवाज. आधी एक. मग दुसरी. मग कितीतरी, मंद, एका लयीत, पानांवर पाऊस पडावा तशा. कुणीतरी हलकेच हसायचं. उठले की मन इतकं शांत असायचं की ते स्वप्न होतं की काय, हेही मी स्वतःला विचारत नसे.

एकदा मात्र मधूनच जाग आली. ताई कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होती. मी अनवाणीच गेले. स्वयंपाकघरात ती एकटी, चाळणीने पीठ चाळत होती.

"कोणाशी बोलत होतीस?"

"कोणाशी बोलणार? स्वतःशीच."

टेबलावर नासपतीच्या सालींचे दोन ढीग होते. एक ताईचा, तो मी डोळे झाकून ओळखेन. जाड, तुटके तुकडे, कारण तिच्या बोटांत सुरी धड राहत नाही. दुसऱ्या ढिगातली साल कागदासारखी पातळ होती, आणि प्रत्येक फळाची एक अखंड लांब फीत. मी एक फीत उचलली. ती ओली होती, आणि जराशी कोमट.

चुका काढणारी बाई मी, पण त्या दिवशी ती साल खाली ठेवली आणि चहा टाक म्हणाले.

त्यानंतर ताईचा स्वयंपाक वाढत गेला. आधी चौघांचा, मग सहा जणांचा, मग मोठमोठी पातेली. मी म्हटलं, "आपण दोघी आहोत." ती म्हणाली, "हात चालतो तितकं करते." संध्याकाळी पातेली घासून पालथी घातलेली असायची. उरलेलं अन्न कुठेच नसायचं, ना कपाटात, ना कचऱ्यात. आणि ताई तर दिवसेंदिवस तजेलदार होत चालली होती. तिचं असं गुणगुणणं मी लहानपणानंतर पहिल्यांदा ऐकत होते.

शेवटी मी माळीकाकांना गाठलं. ते बाराच्या ठोक्याला हत्यारं आवरत होते.

"काका, दुपारी तुम्ही कधीच थांबत नाही?"

त्यांनी कात्री पुसली, म्यानात घातली. "दुपारी बागेत कशाला जायचं, बाई. तुम्हीपण नका जाऊ."

"का?"

"खिडकी दिसते तिथून." एवढं बोलून त्यांनी सायकल काढली.

खिडकी तर मला घरातून रोजच दिसत होती. मला त्यांचं बोलणं कळलंच नाही.

त्या आठवड्यात एका शब्दकोशाची प्रूफं घाईची होती. जेवण टाळून मी काम करत बसले, म्हणून असेल, त्या दुपारी मला झोप आली नाही. घर अगदी गप्प होतं. ताईच्या खोलीत डोकावले, तर पलंग रिकामा. बागेत गेली असेल, असं वाटून मी तशीच बाहेर पडले. हातातलं प्रूफाचं पान ठेवायचं राहून गेलं.

बागेत वारा नव्हता. मधमाश्यांचा एकसुरी आवाज, आणि पिकल्या अंजिरांचा वास इतका दाट की तो हाताने बाजूला सारावा लागेल असं वाटलं. मी चालत राहिले. बाग संपेना. एवढी लांब ती नव्हती, हे मला माहीत होतं, पण त्याचं काही वाटत नव्हतं. पाय आपोआप पडत होते. केव्हातरी मी वळून बघितलं.

घर दूर होतं, खेळण्याएवढं. सूर्य डोक्यावर, आणि त्या खिडकीत मात्र संध्याकाळचा पिवळा उजेड. आतलं सगळं स्पष्ट दिसत होतं, इतक्या अंतरावरून दिसू नये इतकं स्पष्ट. टेबलाभोवती बायका उभ्या होत्या. बाह्या सारलेल्या, माना खाली. कुणी सोलत होती, कुणी चिरत होती, कुणी मळत होती. कुणालाच घाई नव्हती. त्यांच्यामध्ये ताई. ती मान मागे टाकून हसत होती, आणि शेजारची एक तिच्या हातातून जड पातेलं काढून घेत होती, अगदी मायेने. ताई धरून आठ जणी. ताईच्या डाव्या हाताला एक जागा रिकामी होती.

मला भीती वाटली नाही, हे खरं सांगते. मला फार बरं वाटलं. मी त्या दिशेने चालायला लागले. त्यांच्यातल्या एकीनेही मान वर केली नाही. फक्त सगळ्याजणी एकाच वेळी अर्धं पाऊल सरकल्या, आणि ती जागा थोडी मोठी झाली. बरोबर माझ्याएवढी.

सवयीने माझी नजर हातातल्या पानावर गेली. ओळी होत्या, अक्षरं होती, माझ्याच लाल पेन्सिलीच्या खुणा होत्या. पण मला एकही शब्द वाचता येईना. एकसुद्धा. तीस वर्षं जे करत आले, तेच माझ्यातून पुसलं जात होतं... तेव्हा मात्र भीती वाटली. मी डोळे गच्च मिटले, एक हात पुढे धरला आणि नुसती चालत सुटले. हात भिंतीला आपटला तेव्हा डोळे उघडले. मी मागच्या दारात उभी होते. पान वाचता येत होतं.

आत ताई एकटीच होती. टेबल पुसत होती.

"पाहिलंस?" तिने विचारलं. आवाज अगदी हळू.

"कोण आहेत त्या?"

"विचारलं नाही कधी. काम करताना कोण विचारतं..."

"ताई, आपण जाऊ या इथून. आजच."

तिने फडकं पिळलं, दांडीवर नीट पसरलं. मग माझ्याकडे न बघता बोलत राहिली.

"चाळीस वर्षं मी दोनशे जणींचं रांधलं, छोटे. वर तुझं. शेजारी उभं राहून कुणी एक कांदा चिरून दिला नाही. आणि माझी तक्रार नाही, तुझ्याबद्दल तर नाहीच. पण इथे मी पातेलं उचलायला गेले की कुणीतरी दुसरी बाजू धरतं... तुला नाही कळायचं ते." तिने हात कोरडे केले. "उद्या दुपारी तू ये. एक कांदा चीर माझ्याशेजारी. जास्त काही मागत नाही."

"येते," मी म्हणाले.

आणि दुसऱ्या दिवशी ती भट्टी पेटवत असताना पहिल्या बसने मी निघून आले. छापखान्यात काम आलंय, अशी चिठ्ठी ठेवली. त्या चिठ्ठीत अक्षराची एकही चूक नव्हती.

या गोष्टीला आठ महिने झाले. मी छापखान्याजवळ एक खोली घेतली आहे. बाहेरून डबा येतो. दर रविवारी अकरा वाजता ताईला फोन करते. पहिले काही रविवार ती विचारायची, "कधी येतेस? जागा धरून ठेवलीय तुझी." मी कारणं सांगायचे. घाईचं पुस्तक, सर्दी, बसचा संप. ती म्हणायची, बरं, सावकाश ये. थंडी सुरू झाली तसं तिने विचारणं बंद केलं. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली. बोलायची मात्र ती छान, पोट भरल्यासारखी. बोटांचं विचारलं तर म्हणाली, आता काही दुखत नाही.

गेल्या आठवड्यात मी ठरवलं की जायचं. काय व्हायचं ते होऊ दे. जिने मला वाढवलं तिच्याशेजारी उभं राहून एक कांदा चिरायला मी घाबरते, हे मला रोज जेवताना आठवायला लागलं होतं. बॅग भरली, आणि बसला निघण्याआधी तिला कळवावं म्हणून फोन लावला.

बराच वेळ वाजला. मग कुणीतरी उचलला. मागे सुऱ्यांचा तो एका लयीतला आवाज, पाण्याची धार, हलकं हसू.

"ताई, मी येतेय," मी म्हटलं. "आज येते. कांदा मी चिरते. ऐकतेस ना?"

कुणीतरी अगदी जवळ श्वास घेत होतं. मग लांबून, टेबलाच्या पलीकडून यावा तसा, ताईचा आवाज आला. खुशीतला.

"छोटे, कोणाचा फोन गं?"

आणि रिसीव्हरला तोंड लावून, पन्नास वर्षं माझ्याच घशातून निघत आलेला तो किंचित बसका आवाज म्हणाला,

"कुणाचा नाही, ताई. चुकून लागलाय."