डावीकडची तिसरी स्क्रीन

कुठलाही प्रोग्रॅम सुरू झाला की आधी हजेरी घेतो. आपण ज्या कॉम्प्युटरवर जागे झालो तिथे स्क्रीन किती, प्रत्येकीची लांबीरुंदी काय, कोण कोणाच्या डावीउजवीकडे, आणि लिहायला फॉन्ट कुठले कुठले आहेत, हे त्याला स्वतःला दिसत नसतं. तो कॉम्प्युटरला विचारतो आणि येईल ते उत्तर खरं मानतो. वीस वर्षं मी हेच काम करतोय आणि या हजेरीवर कधी शंका घेतली नव्हती.

वहिनींच्या पाट्यांच्या दुकानासाठी मी लिहिलेला प्रोग्रॅम तसा छोटाच. नाव टाइप करायचं, फॉन्ट निवडायचा, पाटीचं माप द्यायचं, की मशीन अक्षरं कापून देई. त्यात एक नियम घातला होता, जो सगळेच घालतात. विंडो बंद होताना कुठल्या स्क्रीनवर होती ते लक्षात ठेवायचं आणि पुढच्या वेळी तिथेच उघडायची. ती स्क्रीन हजेरीत सापडली नाही, तर तिच्यावरच्या विंडो मुख्य स्क्रीनवर आणायच्या. नाहीतर विंडो नसलेल्या जागी उघडून बसते आणि माणूस शोधत राहतो. शिवाय प्रत्येक पाटीच्या फाइलमध्ये, ती सेव्ह झाली त्या त्या वेळची हजेरीही मी टिपून ठेवत असे. वहिनी म्हणायच्या, "भाऊजी, तुम्ही शिंकलात तरी वेळ लिहून ठेवाल."

दुकान म्हणजे एक लांबट खोली. वहिनींचं टेबल आतल्या भिंतीला लागून, त्यामुळे त्यांची पाठ दाराकडे. टेबलावर दोन स्क्रीन. समोरच्या मुख्य स्क्रीनवर काम चाले. उजवीकडच्या स्क्रीनवर त्याच प्रोग्रॅममधली कॅमेऱ्याची विंडो उघडी असे, म्हणजे दारात कोण आलं ते वहिनींना मान न वळवता कळे. कॅमेरा मी कपाटावर बसवला होता. विंडोतले बाण दाबले की तो बारीक कुरकुर करत फिरायचा. पण तो कायम दाराकडे वळवलेला असे, कारण वहिनींना स्वतःवर रोखलेला कॅमेरा आवडत नसे.

टेबलाच्या डावीकडे, भिंतीशी, दादाचं लाकडी स्टँड होतं. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. तीस वर्षं तो तिथे उभा राहून ब्रशने पाट्या रंगवत होता. त्याच्या अक्षरांची शिरोरेषा सरळ नसायची, उजव्या टोकाला केसभर वर जायची. का, म्हणून विचारलं तर म्हणे, "पाटी वर असते आणि माणूस खाली असतो. त्याला खालून सरळ दिसली पाहिजे."

शेवटच्या वर्षी त्याचा हात थरथरायला लागला. मला म्हणाला, "एक रविवार ये. मी सगळी अक्षरं काढून देतो, तू त्यांचा फॉन्ट कर. चिमणीची पाटी तरी माझ्या हातची लागू दे." चिमणी म्हणजे त्याची मुलगी. सत्तावीस वर्षांची दातांची डॉक्टर झाली तरी घरात चिमणीच. मी म्हणालो, पुढच्या रविवारी येतो. असे आठ पुढचे रविवार गेले. मग एका सकाळी शर्टाची बटणं लावता लावता दादा पलंगावर बसला, तो उठलाच नाही.

चिमणीच्या पाटीची फळी त्याने तयार करून ठेवली होती. दोन फूट रुंद, तीन फूट उंच, पांढऱ्या रंगाचे दोन हात दिलेले, पेन्सिलने रेघा आखलेल्या. ती तशीच स्टँडवर उभी होती.

चिमणीचा दवाखाना सुरू व्हायला तेरा दिवस उरले तेव्हा ती दुकानात आली. "काका, बाबांच्या फॉन्टचं कुठवर आलं? पाटी त्याच अक्षरात हवी बरं का. नाहीतर मी कोरी फळी लावीन."

"चाललंय," मी म्हणालो. काहीच चाललं नव्हतं. जुन्या पाट्यांचे अकरा फोटो काढून मी थांबलो होतो. त्यातून निम्मी अक्षरंसुद्धा मिळत नव्हती आणि उरलेली काढणारा हात आता कुठून आणणार? हे तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

मंगळवारी सकाळी प्रोग्रॅम सुरू केला आणि सवयीने हजेरी वाचली. रोज स्क्रीन दोन आणि फॉन्ट दोनशे चौदा असत. त्या दिवशी स्क्रीन तीन होत्या, फॉन्ट दोनशे पंधरा.

तिसऱ्या स्क्रीनला नाव नव्हतं. दोनशे पंधराव्या फॉन्टलाही नव्हतं. जिथे कंपनीचं नाव यायला हवं तिथे नुसती रिकामी जागा.

माझा भुताखेतांवर विश्वास नाही, ढिसाळ कामावर आहे. टेबलाखाली शिरून स्क्रीनच्या तारा मोजल्या, दोनच होत्या. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. वहिनींचा फोन जोडला गेलाय का पाहिलं. वायफाय काढून टाकलं. हजेरी पुन्हा तीच आली.

"काय बिघडलं?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही. मशीनला एकाचे दोन दिसतायत."

मग तो बिननावाचा फॉन्ट निवडून सगळी अक्षरं टाइप केली. बहुतेक जागी रिकामे चौकोन आले. फॉन्टमध्ये अक्षर नसलं की चौकोनच येतो. पण सात अक्षरं उमटली. सातही शिरोरेषा उजवीकडे केसभर वर गेलेल्या होत्या.

वहिनी खुर्ची सरकवून उठल्या आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. त्यांनी पदराने चष्मा पुसला. "केलात तुम्ही," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, विसरलात. मनात तुम्हाला काहीबाही बोलले हो मी."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "थोडी राहिलीत. होतील."

खोटं बोल पण रेटून बोल म्हणतात. मला रेटावंही लागलं नाही. बुधवारी बारा अक्षरं झाली होती, गुरुवारी एकोणीस. वहिनी रोज चहाचा कप माझ्यासमोर ठेवत आणि म्हणत, "जागरणं करू नका इतकी." मी मान हलवायचो. आयत्या बिळावर नागोबा झालो होतो आणि बीळ कोणाचं हे मला पक्कं ठाऊक होतं. भीतीपेक्षा लाज जास्त वाटत होती. झोप मात्र खरंच लागेना.

शुक्रवारी माउस डावीकडे नेला. मुख्य स्क्रीनची कड आली की बाण तिथे अडतो, पलीकडे काही नसतंच. तो अडला नाही. कडेतून निघून गेला. मी माउस आणखी डावीकडे नेला, मग हात थांबवला. बाण तिकडे कुठेतरी होता आणि मला दिसत नव्हता. परत आणायला जेवढा नेला तेवढाच उजवीकडे आणला. बाण आला, पण गेला त्यापेक्षा वीतभर वरून आला.

मी कपाटातून टेप काढली. हजेरीप्रमाणे तिसरी स्क्रीन मुख्य स्क्रीनच्या डाव्या कडेला लागून होती. रुंदी दोन हजार चारशे ठिपके, उंची तीन हजार सहाशे. आमच्या स्क्रीनवर एका इंचात शंभर ठिपके बसतात. चोवीस इंच आणि छत्तीस इंच. मी टेप स्टँडवरच्या फळीला लावली, पण ते माप मला आधीच पाठ होतं.

फळी कोरीच होती. जवळ गेल्यावर टर्पेंटाइनचा वास आला. वर्षभरात दुकानात टर्पेंटाइनची बाटली उघडलेली नव्हती.

सोमवारपासून चिमणीच्या पाटीची फाइल उघडली तरी दिसेना. प्रोग्रॅम म्हणे, उघडी आहे. कुठल्या स्क्रीनवर? तिसऱ्या. दर थोड्या वेळाने ती सेव्ह होत होती. साडेअकरा, पावणेबारा, सव्वाबारा. एक ते तीन काही नाही. तीननंतर पुन्हा सुरू. दादा दुपारी एक ते तीन झोपायचा.

"पाटी दाखवा ना," वहिनी म्हणाल्या. गुरुवार होता, दवाखाना रविवारी सुरू व्हायचा होता. "शनिवारी कापायला हवी."

"शेवटचा हात फिरवतोय."

"तुम्ही तर नुसते बसून आहात, भाऊजी."

शुक्रवारी अक्षरं पूर्ण झाली, एकही चौकोन उरला नाही. वहिनी जेवायला घरी गेल्या तेव्हा मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली. ज्या स्क्रीनला नाव नाही, ती हजेरीत धरायची नाही. नियम माझाच होता. स्क्रीन गेली की तिच्यावरच्या विंडो मुख्य स्क्रीनवर येणार.

ओळ लिहिली, पण बटण दाबायला बोट वळेना. दादाच्या हातातून काम ओढून घेतोय असं वाटत होतं. मग दारात उभी राहिलेली चिमणी आठवली, आणि कोरी फळी. मी बटण दाबलं.

विंडो समोर आली. पाटी झाली होती. वर चिमणीचं नाव, खाली पदवी, त्याखाली वेळा. असं काम दादाने जिवंतपणीही क्वचितच केलं असेल. एका कडेला कोपऱ्यात बोटाचा ठसा असावा तसा डाग होता. तो मी पुसून टाकला आणि फाइल सेव्ह केली.

शनिवारी मशीनने अक्षरं कापली आणि वहिनींनी ती फळीवर चिकटवली. अक्षरं पेन्सिलच्या रेघांवर तंतोतंत बसली. रविवारी पाटी दारावर चढली. चिमणी रस्त्यावर उभी राहून मान वर करून बघत होती. माझा हात धरून म्हणाली, "काका, खालून अगदी सरळ दिसतंय रे. बाबांनीच केल्यासारखं."

"त्याचाच हात आहे," मी म्हणालो. एवढं तरी खरं बोललो. पण तिने सगळ्यांना सांगितलं, काकाने वर्षभर खपून केलं म्हणून, आणि मी सगळ्यांची शाबासकी घेत राहिलो.

सोमवारी सकाळी दुकानात गेलो तो मी घातलेली ओळ काढून टाकायचं ठरवूनच. दादाला त्याची जागा परत द्यायची होती. ओळ काढली, प्रोग्रॅम सुरू केला. स्क्रीन दोन. पुन्हा सुरू केला. दोनच. माउस डावीकडे नेला. बाण कडेला अडला.

स्टँड मोकळं उभं होतं. मला रडू आलं. वहिनी मागे चहा करत होत्या म्हणून आवाज केला नाही.

मग चिमणीच्या पाटीची फाइल उघडली आणि तिच्यात टिपलेल्या हजेऱ्या वाचल्या. मी स्वतः सेव्ह केली तेवढी सोडली तर त्या माझ्या कॉम्प्युटरच्या नव्हत्या.

मुख्य स्क्रीन, दोन हजार चारशे बाय तीन हजार सहाशे. तिच्या उजवीकडे आणखी दोन स्क्रीन. त्यांची मापं आमच्या टेबलावरच्या स्क्रीनची होती. दोघींनाही नाव नव्हतं.

आठवडाभराच्या हजेऱ्या अशाच होत्या. सगळ्यात खालची त्याच सकाळची होती, दहा मिनिटांपूर्वीची. त्यात स्क्रीन एकच.

म्हणजे तिकडेही कोणीतरी तीच ओळ घातली होती. ज्या स्क्रीनला नाव नाही, ती धरायची नाही.

"भाऊजी," वहिनी कप घेऊन आल्या. "दार दिसत नाहीये हो."

उजवीकडची स्क्रीन रिकामी होती. कॅमेऱ्याची विंडो तिथे नव्हती, मुख्य स्क्रीनवरही नव्हती. बंद झाली असेल म्हणून पाहिलं. ती उघडी होती, म्हणजे तिकडे.

"आणते परत मी," म्हणत वहिनी खुर्चीत बसल्या. मग थांबल्या. त्या मोकळ्या स्टँडकडे बघत होत्या. "एक विचारू? काल रात्रभर मनात आहे. त्या अक्षरांत ह्यांचा हात थरथरायचा ना, तोसुद्धा आलाय. जुन्या पाट्यांत तो नव्हता." त्या माझ्याकडे वळल्या. "खरं सांगा. ती तुम्हीच केलीत ना?"

सांगायची ती शेवटची वेळ होती, हे मला कळत होतं.

"हो," मी म्हणालो. "मीच केली."

कपाटावर बारीक कुरकुर झाली. कॅमेरा दाराकडून वळला, वहिनींच्या खुर्चीवरून हळूहळू पुढे गेला आणि माझ्यावर येऊन थांबला.